कशेळीच्या सड्यावर: आधी खाच, मग हत्ती

रत्नागिरीहून पावस, पूर्णगड करत कशेळी गाठायची. कनकादित्याचं देऊळ सगळ्यांना ठाऊक असतं, कातळात कोरलेला हत्ती मात्र वर सड्यावर, म्हणजे गावावरच्या सपाट कातळ-पठारावर आहे. आम्ही ऊन तिरपं असतानाच पोचलो. डोक्यावर सूर्य आला की खाचेत सावली उरत नाही आणि सुमारे 18 बाय 13 मीटरचा हत्ती कातळात विरून जातो. त्याच्या पोटात कोरलेले छोटे प्राणी तर दिसतच नाहीत. गवत वाळल्याशिवाय इकडे येऊ नये.

हा हत्ती माणसानेच कोरला, यावर वाद नाही. वाद होतो तो इतर सड्यांवरच्या एखाद्या वळणदार खळग्यावरून. सड्याचा जांभा दगड मुळातच भोकाभोकांचा. पाणी त्यातला मऊ भाग शोधत जातं, म्हणून नैसर्गिक खळग्याची कड वेडीवाकडी असते आणि रुंदी सारखी बदलते. कोरलेली खाच कठीण-मऊ असा भेद करत नाही, वळणावरही रुंदी राखते. दर अर्ध्या मीटरला रुंदी आणि खोली मोजावी, दोरीने एक मीटरचे चौकोन आखून आकृती कागदावर उतरवावी, भेगा वेगळ्या दाखवाव्यात. फोटोसाठी खाचेत चुना किंवा खडू कधीच भरू नये. भरणाऱ्याचा अंदाजच मग पुढच्या सगळ्यांना रेषा वाटू लागतो.

या कातळशिल्पांच्या वयाचं कोडं अवघड आहे. कातळ उघडा, काळ ठरवायला वर मातीचे थर नाहीत, कोळसा नाही, रंग नाही. कोकणात आज गेंडा नाही, म्हणून इथल्या कातळांवर कोरलेलं गेंड्याचं चित्र हिमयुगातलं, हा तर्क आम्हाला पटत नाही. गुजरातेत लांघणजच्या मध्याश्मयुगीन, म्हणजे हिमयुगानंतरच्या वस्तीत गेंड्याचं हाड मिळालंय आणि सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही गेंडा आहे.

सड्यावरच्या दगडी हत्यारांनीही हे कोडं सुटत नाही. जांभ्यावर घाव घालून धारदार छिलका (पातळ कपची) निघत नाही, त्यामुळे गारगोटीचा छिलका दिसला की तो बहुधा बाहेरून आलेला. त्यावर आघाताची जागा, तिच्याखालचा फुगवटा आणि तिथून पसरणाऱ्या लहरींसारख्या रेषा शोधाव्यात, त्या माणसाने घाव घातल्याच्या खुणा. एकच तुटलेली कड पुरेशी नाही, गाडीच्या चाकाखालीही दगड फुटतो. खरं हत्यार असलं तरी शिल्प त्याच माणसांचं ठरत नाही, कारण हाच पृष्ठभाग हजारो वर्षं उघडा आहे. म्हणून सिंधुदुर्गातल्या कोळोशीच्या गुहेत उत्खननातून मिळालेली हत्यारं आम्हाला जास्त मोलाची वाटतात. सड्यावरचा तुकडा मोजपट्टी ठेवून टिपावा, उचलू नये.

पुढे देवाचे गोठणे हे गाव. तिथल्या सड्यावर कोरलेल्या मानवाकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते. तो खडकाचा चुंबकीय गुण, कोरणाऱ्यांचं त्यात काही नाही. नकाशावरची उत्तर दिशा तिथे जीपीएसवरूनच घ्यावी.