‘शाळा’वर लघुप्रबंध लिहिताना

एम. ए. मराठीच्या शेवटच्या वर्षी लघुप्रबंधासाठी मी मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ निवडली, तेव्हा वर्गातल्या बऱ्याच जणांना नवल वाटलं. मौज प्रकाशन गृहाने २००४ साली काढलेली ही कादंबरी सगळ्यांची वाचून झालेली, तिच्यावरचा २०१२ चा चित्रपटही पाहून झालेला. आता त्यात तू नवीन काय सांगणार, असा एकंदर सूर. मला मात्र एक गोष्ट कधीची छळत होती. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, त्याला आवडणारी शिरोडकर; गोष्ट म्हटली तर एवढीच. मग पुस्तक मिटल्यावर घसा का दाटून येतो?

आराखडा वाचून मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं, “‘कुमारवयाचं प्रभावी चित्रण’ हे शब्द मला कुठेही दिसता कामा नयेत. प्रभावी आहे हे मलाही माहीत आहे. ते कशानं झालंय, तेवढं दाखव.” त्या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं काम उभं राहिलं.

मी वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे मुकुंदाला काय कळतंय ते लिहायचं, उजवीकडे वाचणाऱ्याला काय कळतंय ते. सुरुवातीला दोन्ही बाजू सारख्याच भरत होत्या. पुढे पुढे उजवी बाजू वाढायला लागली आणि तिथेच मला प्रबंध सापडला. कादंबरीचा काळ आणीबाणीचा. मुकुंदाच्या कानावर ती मोठ्या माणसांच्या बोलण्यातून येते, पण त्याचं अर्धं लक्ष शिरोडकर आज दिसेल का, याकडे. आपल्याला त्या बोलण्याचं वजन जाणवतं, त्याला तेवढं जाणवत नाही. आणीबाणीला ‘अनुशासन पर्व’ म्हटलं गेलं होतं, हे आठवलं की मास्तरांची छडी, हेडसरांची खोली, मुलामुलींनी एकमेकांशी बोलण्याची चोरी, हे सगळं वेगळंच दिसू लागतं. लेखक हे दोन धागे कुठे जोडून दाखवत नाही. ते जोडायचं काम वाचणाऱ्यावर पडतं, आणि म्हणूनच ते अंगावर येतं.

हे शक्य होतं ते निवेदनामुळे. प्रथमपुरुषी निवेदन म्हणजे जवळीक, एवढं लिहून आपण परीक्षेत मोकळे होतो. पण इथला ‘मी’ चौदा-पंधरा वर्षांचाच राहतो. मोठा झालेला मुकुंद मध्येच डोकावून, तेव्हा आम्ही किती भाबडे होतो, असं सांगत बसत नाही. तसं झालं असतं तर ही आठवणींची कादंबरी झाली असती, मोठं होण्याची नाही. माझ्या मते लेखकाचा सगळ्यात अवघड निर्णय हाच असणार.

नावांवर मी एक छोटा भाग लिहिला. मित्र सुऱ्या आणि फावड्या, एक मुलगी केवडा, सख्खी मोठी बहीणसुद्धा अंबाबाई. आणि जिच्यावर जीव जडलाय ती मात्र मनातल्या मनातही ‘शिरोडकर’. शाळेच्या हजेरीतलं आडनाव. तिला टोपणनाव नाही, लाडाचं नाव नाही. त्या वयातला आदर, भीती आणि अंतर त्या हाकेत आपोआप येतं; एकही विशेषण लागत नाही.

बाईंशी खरा वाद झाला तो पोरांच्या अड्ड्यावरून. मुकुंद आणि त्याचे मित्र एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसतात. बाईंच्या मते हे अपुऱ्या वयाचं प्रतीक, आणि ते प्रतीकांच्या प्रकरणात जायला हवं. मला ते घाईचं वाटत होतं. शाळेत मास्तर, घरी आईवडील. या दोन्हींच्या तावडीबाहेर पोरांना बसायला जागा कुठे असते? अपुरं बांधकाम, गच्ची, नाहीतर मैदानाचा कोपरा. ती जागा आधी खरी आहे, पोरांच्या गरजेतून आलेली आहे. प्रतीकपण नंतरचं. शेवटी ‘कादंबरीतील अवकाश’ असं वेगळं प्रकरण करायला बाईंनी परवानगी दिली. तेच प्रकरण मला आजही सगळ्यांत आवडतं.

टायपिंग, प्रमाणलेखन, बाइंडिंग यात बराच वेळ गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. शेवटची तारीख मात्र आधीच विचारून ठेवा.

मौखिकीला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध उघडलाही नाही. म्हणाले, “शेवटी शिरोडकरचं कुटुंब गाव सोडून जातं. लेखकानं दोघांची एक नीट भेट घडवून आणली असती, तर काय बिघडलं असतं?” मी म्हटलं, “सर, मग ती प्रेमकथा झाली असती. नववीतल्या मुलांना विचारून कोणी गाव सोडत नाही. बदली ठरते, सामान बांधलं जातं. आणीबाणीसारखंच, निर्णय मोठ्यांचा आणि झळ यांना. भेट झाली असती तर मुकुंदाच्या हातात काहीतरी राहिलं असतं, आणि त्याच्यापुढे उरते ती फक्त दहावी.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हे प्रबंधात कुठे आहे?”

मी त्यांना अवकाशाच्या प्रकरणाचं शेवटचं पान काढून दिलं.