क्लास आणि ऑब्जेक्ट शेवटी नेवऱ्यांमुळे कळले

प्रोग्रॅमिंगमधला क्लास समजावताना जो तो कारच घेतो, कार म्हणजे क्लास आणि तुमची लाल कार म्हणजे ऑब्जेक्ट, ऐकताना मान डोलवायची आणि कोड लिहायला बसलं की पुढं काही सुचायचंच नाही. तीनदा तरी सोडून दिलं असेल मी.

मग चवथ आली. फोंड्याला आमची मावशी दरवर्षी नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, ऑर्डरी घेते, सगळा हिशेब एका वहीत, खाडाखोड बघवत नाही. म्हटलं थांब, तुला ब्राउझरमध्ये एक पान करून देतो. जावास्क्रिप्टमध्ये ऑर्डर नावाचा क्लास केला, कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा भाग) गिऱ्हाइकाचं नाव आणि शिल्लक नग. एकदा नवीन ऑब्जेक्ट बनवणारा न्यू हा शब्द लिहायला विसरलो तर लगेच टाइपएरर नावाची चूक, ते बरंच म्हणा, निदान तोंडावर सांगतं तरी.

खरी गोची पुढं. शेजारच्या काकींनी ५० नेवऱ्या सांगितल्या, त्यांच्या जाऊबाईंनाही तेवढ्याच हव्या होत्या, मग मी शहाणपणा करून दुसरी = पहिली असं लिहिलं आणि दुसरीत फक्त नाव बदललं. बघतो तर दोन्हीकडे जाऊबाईच! मावशी विचारते, "काकी खंय गेली रे?" अर्धा तास डोकं खाजवल्यावर ट्यूब पेटली, बरोबरच्या चिन्हानं नवीन ऑब्जेक्ट होतच नाही, त्याच एका ऑब्जेक्टला दुसरं नाव मिळतं. क्लास म्हणजे नुसतं कोरं पावतीबुक, प्रत्येक गिऱ्हाइकाची पावती न्यू म्हणूनच फाडायला लागते.

मग धिसनं, म्हणजे 'हाच ऑब्जेक्ट' असं सांगणाऱ्या शब्दानं, छळलं. 'पाकीट दिलं' बटण दाबलं की शिल्लकीतून १० जायला हवेत, तर आकड्याच्या जागी नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही'. मी क्लिकला मेथड (क्लासमधलं फंक्शन) तशीच सुटी देऊन टाकली होती, त्यामुळे आतला धिस ऑर्डर सोडून बटणाला चिकटला, आणि बटणाकडे कुठल्या आल्या नेवऱ्या? ॲरो फंक्शनच्या (=> चिन्हानं लिहायचं छोटं फंक्शन) आत ऑर्डरचं नाव घेऊन मेथड बोलावली तेव्हा ४० दिसले. (जावास्क्रिप्टमध्ये क्लास हा शब्द २०१५ला आला, आतून अजूनही सगळं प्रोटोटाइपवरच, म्हणजे एका ऑब्जेक्टनं दुसऱ्याकडून गुण उसने घ्यायच्या जुन्या पद्धतीवरच चालतं, पण हे मावशीला सांगून काय उपयोग.)

परवा म्हणाली, यात लाडूपण घाल. लाडू किलोवर, नेवऱ्या नगावर, म्हणजे आता एक्स्टेंड्स, एका क्लासवरून दुसरा क्लास बनवणं, शिकणं आलं. तोवर वही आहेच फडताळावर.