पन्नीची गाठ

सकाळी साडेसहाला घंटागाडीच्या ड्रायव्हरचा फोन आला. "मॅडम, गाडी आत जाऊन नाही राह्यली. एक बाई फाटकात बसली हाय."

मे महिना होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नगरपंचायतीत मी शहर समन्वयक आहे, कंत्राटी. घनकचऱ्याचं सगळं माझ्याकडेच. आमचा कचरा डेपो गावाबाहेर नाल्याच्या काठी आहे आणि त्याच्या धुऱ्याला धुरा लागून एका काकूंचं वावर. मधे तारेचं कुंपण होतं, पण तार कधीच गेली होती, नुसते खांब उरले होते. मी पोचले तेव्हा तीन गाड्या ओळीनं उभ्या होत्या आणि काकू पदर डोक्यावर घेऊन फाटकात बसल्या होत्या.

"काकू, काय झालं?"

"माहा बैल पाहा आधी. मंग गाडीचं बोलू."

बैल निंबाखाली पडला होता. रात्रीच गेला होता. पोट टम्म फुगलेलं. पिकं निघाल्यावर उन्हाळ्यात आमच्याकडे ढोरं मोकळी सोडतात, आणि वावरात काडी नसली की ती डेपोत शिरतात. आठवड्यापूर्वी डेपोला आग लागून दोन दिवस धूर होता, तेव्हाही काकू कचेरीत येऊन गेल्या होत्या. आम्ही टँकर पाठवला आणि विषय संपला असं समजलो.

डॉक्टर आठ वाजता आले. शवविच्छेदन मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. त्यांनी पोटाचा मोठा कप्पा उघडला आणि हात घालून ओढायला सुरुवात केली. पिळलेल्या ओल्या दोरासारखं प्लास्टिक बाहेर येत राहिलं. पन्न्या, सुतळी, दुधाच्या पिशव्या, सगळं एकमेकांत गुंतलेलं. घमेलं भरलं, तरी संपेना. त्यातच एक पिशवी अख्खी निघाली. तोंडाला गाठ तशीच. डॉक्टरांनी ती ब्लेडनं कापली, आत आंबलेल्या भाताचा गोळा होता.

ती गाठ मी ओळखली. दोन्ही कान ओढून वर परत एक फास. वास येऊ नये म्हणून मीही रात्री घरी अशीच मारायचे.

काकू शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या गावातली बाई गाठ मारते न जी. ढोराले हात असतात काय गाठ सोडाले?"

गाड्या परत पाठवल्या. दहा वाजेपर्यंत बसस्टँडवर कचरा जिथल्या तिथे होता आणि फोन वाजत होते. पोलिसांना सांगून रस्ता मोकळा करावा, अशी भाषा सुरू झाली. मी मुख्याधिकारी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, "सर, पोलीस नको. आज ती बाई उठेल, पण कचरा तिथंच राहील." मग त्यांना अलप्पुळाची गोष्ट सांगितली. केरळातलं हे कालव्यांचं शहर. शहराचा कचरा सर्वोदयपुरम नावाच्या शेजारच्या गावात जायचा. 2012 मध्ये त्या गावानं गाड्या अडवल्या. शहरात कचऱ्याचे ढीग लागले. तेव्हा नगरपालिकेनं नवी जागा शोधण्याचा नाद सोडला आणि ओला कचरा जिथे होतो तिथेच जिरवायला घेतला. घराघरात पाइप कंपोस्ट, बायोगॅस, वस्तीत खताचे हौद. 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं त्या शहराची दखल घेतली. सुरुवात मात्र गाडी अडवणाऱ्या गावकऱ्यांनी केली होती.

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दुपारी सभा आहे. त्यांना येऊ द्या."

इथे एक सांगायला हवं. काकूंचं घर आणि वावर शेजारच्या ग्रामपंचायतीत येतं. आमच्या 17 प्रभागांपैकी एकातही त्यांचं मत नाही. या नोकरीत मला सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट हीच आहे. कचरा नेहमी हद्दीच्या टोकाला जातो, जिथल्या माणसाचा मतदार यादीशी संबंध नाही तिथे. 74 व्या घटनादुरुस्तीनं 1992 मध्ये बारावी अनुसूची आणली. शहरांकडे सोपवायच्या 18 विषयांत पर्यावरणाचं रक्षणही आहे. पण आपली शीव ओलांडून गेलेल्या घाणीबद्दल आपल्याला जाब विचारणारा मतदार नसतो. 2016 च्या घनकचरा नियमांपासूनच कचरा वेगळा करून देणं घरमालकाचं कर्तव्य आणि वेगळाच उचलणं आमचं. उघड्यावर जाळायला बंदी. आमच्या गाडीला दोन कप्पे होतेही, पण डेपोवर दोन्ही एकाच ढिगात रिकामे व्हायचे. राज्य सरकारच्या 'माझी वसुंधरा' या पर्यावरण अभियानासाठी भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाचही तत्त्वांचे जिओ टॅग फोटो मी स्वतः अपलोड केले होते. झाडं लावली होती, ती खरीच लावली होती. डेपोचा फोटो मात्र मी अशा बाजूनं काढला होता, की ढीग दिसू नये. त्याची मला आजही लाज वाटते. अभियान वाईट नाही. 2020 मध्ये ते सुरू झाल्यापासून हवा-पाणीसुद्धा नगरपंचायतीचं काम आहे हे आमच्या कारकुनांच्या तोंडी आलं, ही लहान गोष्ट नव्हे.

सभेत प्रेक्षकाला बोलता येत नाही. काकू मागच्या खुर्चीवर बसल्या. चार-पाच विषय झाले आणि प्रभाग 9 च्या नगरसेविका उभ्या राहिल्या. "अध्यक्ष महोदय, या बाईंना दोन मिनिटं द्या. आपल्या घरचा भात खाऊन यांचा बैल मेला." सभागृहात चुळबुळ झाली. अध्यक्षांनी मान हलवली.

काकू उठल्या. हातात काही नव्हतं, कागदही नाही.

"मले पैसे पायजेत, खोटं कायले बोलू. पेरणी तोंडावर हाय, एका बैलानं वखर चालत नाही. पण पैसे देऊन तुमी मोकळे होऊ नका. उद्या माहा दुसरा बैल हाय, परवा कोणाची गाय हाय. गाठ मारनं बंद करा. शिळं अन्न उघडं ठेवा, मी सोता घेऊन जातो ढोराईले. पन्नी तुमची तुमी ठेवा. तोवर गाडी येऊ देत नाही मी."

त्या खाली बसल्या तेव्हा पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

मग जी चर्चा झाली ती दीड तास चालली आणि ती सगळी चांगली नव्हती. एकानं वावराची मोजणी मागितली. एकानं विचारलं, लोक ऐकतील का, पुढच्या निवडणुकीला काय सांगू? हा प्रश्न मला प्रामाणिक वाटला. वेंगुर्ला नगरपरिषदेनं डंपिंगचं रूप पालटलं आणि लोक ती जागा पाहायला जाऊ लागले, हे मी सांगितलं. त्यावर "ते कोकण आहे, इथं पाणी कुठंय" असं उत्तर आलं. शेवटी नगरसेविका म्हणाल्या, "माझ्या प्रभागात आधी करा. जमलं नाही तर मला शिव्या द्या." त्यांच्या सूचनेला दोघांनी अनुमोदन दिलं. ठराव झाला. पन्नीत बांधलेला कचरा गाडी घेणार नाही, प्रभाग 9 पासून खताचे हौद, डेपोला कुंपण. बैलाच्या भरपाईसाठी लेखाशीर्ष सापडलं नाही. सदस्य आणि व्यापाऱ्यांनी वर्गणी केली, ती बैलाच्या निम्म्या किमतीलाही पुरली नाही. काकूंनी शेजाऱ्याच्या जोडीवर पेरणी काढली.

पुढचे तीन महिने मी प्रभाग 9 मध्येच राहिले म्हटलं तरी चालेल. कामगार ताई दारोदार गाठी सोडवून दाखवायच्या. पहिल्या आठवड्यात अर्धी घरं चिडली. एका घरानं पिशवी आमच्या अंगावर भिरकावली. हौद शाळेमागच्या निंबाखाली बांधले, कारण उघड्यावर 45 अंशांत ढीग दोन दिवसांत वाळून जातो आणि कुजायचं थांबतो. निंबाचा पाला, शेणकाला, वर ओला कचरा, परत पाला. दहाव्या दिवशी ढीग उलटला तेव्हा वाफ निघाली, हात घातला तर चटका बसला. कामगार ताई म्हणाली, "जिवंत हाय हे." त्या रात्री मला नीट झोप लागली. पाऊस लागल्यावर उलट त्रास, हौदात पाणी साचायला लागलं. वरून ताडपत्री, खालून विटा काढून वाट. जुलैअखेर आणखी तीन प्रभाग आले. बाकी तेरा अजून आले नाहीत. डेपोवर जुना ढीग तसाच आहे, त्याच्या बायोमायनिंगचा, म्हणजे जुना कचरा उकरून वेगळा करण्याचा, प्रस्ताव गेला आहे. गाड्या जातात, पण काकूंच्या कुंपणाला आता तार आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी चाळलेल्या खताची दोन पोती घेऊन त्यांच्याकडे गेले. एकटाच बैल गोठ्यात होता, शिंगांना रंग लागलेला. काकूंनी पोतं सोडलं, मूठभर खत तळहातावर घेतलं, नाकाशी नेलं, मग बोटांनी चिवडलं. काळं, भुसभुशीत, पावसाच्या मातीच्या वासाचं. त्यांचं बोट थांबलं. नखाएवढा पांढरट तुकडा त्यांनी चिमटीत धरून उजेडात पाहिला. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी.

तो तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "खत चांगलं हाय. हे परत घेऊन जा."