एकाच नंबरच्या तीन पावत्या

आमच्या फीच्या नव्या काउंटरवरची पावती रद्द केली की भलत्याचीच रद्द होत होती. छपाईतही तोच घोळ, तिघांच्या हातात एकाच नंबरची पावती. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचं निदान तयार होतं, "ऑपरेटर दोनदा क्लिक करतोय." ऑपरेटरवर ढकललं की तक्रार बंद, हा या धंद्यातला जुना रिवाज.

डेटाबेसात मात्र एकही नंबर दुबार नव्हता. पुरावा म्हणून आलेल्या एक्सेलमध्ये सगळे नंबर शून्यावर संपत होते. एक्सेल १५ अंकच धरून ठेवतं, आमचा पावती क्रमांक १६ अंकी. ती फाइल बाजूला सारून ब्राउझरला आलेला कच्चा जेसन (सर्व्हर ज्या मजकुरात माहिती पाठवतो तो) आणि पडद्यावरचे नंबर समोरासमोर लावले. जेसनमध्ये ९१०००००००००४१७२३, मग (शेवटचे तीनच अंक लिहितो) ७२४, ७२५. पडद्यावर तिन्ही ७२४. पुढचा ७२६ एकटा, शाबूत. मग ७२७, ७२८, ७२९ मिळून ७२८. जिथे तिघांची गर्दी, तो नंबर दर वेळी ४ ने भागणारा. इथेच ऑपरेटर सुटला. माणसाच्या चुका चारच्या पाढ्याने होत नाहीत.

जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी भाषा, साधा आकडा ६४ बिटांत (० किंवा १ च्या ६४ घरांत) ठेवते, पण नेमकेपणा ५३ बिटांचाच. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. इथवर प्रत्येक पूर्णांक बसतो. त्यानंतर ५४ व्या घातापर्यंत फक्त सम संख्या. विषम संख्या दोन समांच्या बरोबर मध्ये पडते, आणि अशा वेळी नियमाने ४ ने भागणाऱ्या शेजाऱ्याकडे जाते. म्हणून ७२३ वर चढतो, ७२५ खाली उतरतो. एरर कुठेच येत नाही.

आमच्या क्रमांकाचे पहिले दोन अंक काउंटरचे. ८९ पर्यंतचे काउंटर मर्यादेच्या आत होते, नव्याला ९१ मिळाला. सगळे १६ अंकीच, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

कंपनीने आधी पडद्यावर दाखवताना नंबराची स्ट्रिंग, म्हणजे आकड्याऐवजी नुसता मजकूर, केली. व्यर्थ! विषम अंक जेसन पार्स होतानाच, म्हणजे ब्राउझर तो वाचून आकडा बनवतानाच, गेलेला असतो. सर्व्हरनेच नंबर अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून पाठवायला हवा, आणि ब्राउझरकडून परतही तसाच यायला हवा. डेटाबेसातला बिगइंट (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) बदलायची गरज नाही, तो ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंत पुरतो. चाचणीला ९००७१९९२५४७४०९९३ वापरावा. त्याच्या अंकांची बेरीज ७८, म्हणून ३ ने भाग जातो. शेवटी ९९२ होऊन आला तर बेरीज ७७ आणि भाग जात नाही.

आधीच रद्द झालेल्या पावत्यांचं काय, हे अजून सुटलेलं नाही. लॉगमध्येही (सर्व्हरच्या नोंदवहीत) ब्राउझरकडून आलेला ७२४ च नोंदलाय. रद्द करायचा तो हुकूम खुद्द ७२४ साठी होता की शेजाऱ्यासाठी, हे रक्कम आणि वेळ जुळवून काढावं लागतं, आणि एकाच फीच्या पाठोपाठच्या पावत्यांत तेही जमत नाही.