सांबार म्हणू नकोस

जूनमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर येमेनचं एक जोडपं राहायला आलं. एडनचं. नवरा इथे पीएच.डी. करतोय, बायको घरी, सोबत चार वर्षांची मुलगी. येमेन, इराण, अफगाणिस्तानची मुलं पुण्यात शिकायला येणं काही नवं नाही, पण आमच्या बिल्डिंगला होतं.

सोसायटीच्या ग्रुपवर पहिला प्रश्न आला, ‘पोलिसांत कळवलंय का?’ त्यात गैर काही नाही. परदेशी भाडेकरू आला की घरमालकाला २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावीच लागते, आणि यांच्या मालकाने ती भरली होती. पावती टाकली तरी चर्चा थांबेना. मग मटणाचा वास निघाला, मग जिन्यातल्या चपला. सगळ्यांत पुढे पहिल्या मजल्यावरचे अण्णा.

मला माझं पुण्यातलं पहिलं वर्ष आठवलं. १९८८ साली लग्न होऊन मी अकोल्याहून सदाशिव पेठेत आले. “आत्याबाई, काय करून राहिल्या?” असं एकदा विचारलं, तर ते वाक्य पुढे दहा वर्षं पाहुण्यांना ऐकवलं गेलं. भाजीवाल्याकडे सांबार मागितला, तर म्हणाला, “उडप्याकडे मिळेल.” आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे त्याला कोण सांगणार! मराठी घरातून मराठी घरात येऊन माझी ही गत.

तेव्हा मला कुणी प्रेमाने जवळ घ्यावं असं फारसं वाटत नव्हतं. कचरा कधी नेतात, पाणी कधी जातं, एवढं कुणी सांगितलं असतं तरी पुरे होतं. म्हणून मी वरच्या त्या येमेनी बाईला एक कागदच लिहून दिला. कचऱ्याला ‘स्वच्छ’ची ताई साडेआठला येते, ओला-सुका वेगळा. गुरुवारी पाणी बंद असणार असेल तर बुधवारी रात्रीच भरून ठेवायचं. दुपारी एक ते चार दुकानात जायचं नाही (कारण विचारायचं नाही). तिने फोनवरून सगळं अरबीत उतरवलं आणि फ्रिजवर चिकटवलं. भाजी आणायला बरोबर नेलं तेव्हा ती जुडी दाखवून म्हणाली, “कुझबरा.” मी म्हटलं, “कोथिंबीर. सांबार म्हणू नकोस.”

अण्णांचं वेगळंच झालं. जिन्यात नवऱ्याला गाव विचारलं आणि ‘एडन’ ऐकून ते थबकलेच. “वासुदेव बळवंतांचं एडन?” फडक्यांना तिथल्या तुरुंगात ठेवलं होतं, ते तिथून पळाले, पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ला तिथेच वारले, हे सगळं अण्णांनी पाऊण तास उभ्यानं इंग्रजीत सांगितलं. त्या बिचाऱ्याने हे नावही ऐकलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर चपला बंद. मला याचा थोडा रागच आला. शेजाऱ्याला नीट वागवायला फडक्यांचा वशिला कशाला लागावा? अण्णा आता त्याला रविवारी चहाला बोलावतात, म्हणून गप्प आहे.

परवा मी बहिणीशी फोनवर बोलत होते, वरची मुलगी शेजारी चित्रं काढत बसली होती. बहिणीशी बोलताना माझी भाषा सुटते. संध्याकाळी तिघी भाजीला गेलो, तर पोरीने जुडीकडे बोट दाखवून खणखणीत सांगितलं, “आजी, सांबार!”

भाजीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी गवार निवडायला लागले.