चेंडूवरचं दुसरं नाव

चेंडूवर दोन नावं होती. एक निळ्या बॉलपेननं केलेली सही, बेसबॉलपटू फ्रेड मॅकग्रिफची. दुसरं नाव कारखान्यातच छापलेलं. ते वाचलं आणि मी काही न बोलता चेंडू परत मऊ कापडावर ठेवला.

मी अटलांटाजवळच्या एका फ्रेमिंगच्या दुकानात काम करते. सांगलीला वडिलांचं तसबिरींचं दुकान होतं, काच कापायला तिथंच शिकले. इथं पदव्या आणि लग्नाचे फोटो येतात, तशाच खेळाडूंच्या सह्याही येतात. बेसबॉल मला त्या सह्यांमुळेच कळत गेला, आणि मॅकग्रिफ हा माझा सगळ्यात आवडता खेळाडू झाला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी पन्नाशीच्या एक बाई बुटांच्या खोक्यात वडिलांचा संग्रह घेऊन आल्या. वरच्याच कार्डावर त्याचं नाव दिसलं तेव्हा मी हातातलं काम बाजूला सारलं.

वडील २०२१ मध्ये गेले होते. "सगळं एका शॅडोबॉक्समध्ये, त्या खोल काचेच्या फ्रेममध्ये बसवा," त्या म्हणाल्या. "मधोमध हा चेंडू, आणि त्याखाली पितळी पट्टी: २० जुलै १९९३."

मी एकेक वस्तू बाहेर काढली. कार्ड होतं डॉनरस कंपनीचं, १९८६ चं, 'रेटेड रूकी', म्हणजे होतकरू नवखा, असं छापलेलं. त्या वर्षी तो टोरांटो ब्लू जेजकडून जेमतेम तीन सामने खेळला होता. त्याआधी न्यूयॉर्क यँकीजनं त्याला घेतलं होतं आणि एकही मोठा सामना न खेळवता दुसऱ्यांना देऊन टाकलं होतं. हे त्याच्या नशिबी पुढंही आलं. बेसबॉलच्या मोठ्या संघांच्या दोन लीग आहेत, अमेरिकन आणि नॅशनल. १९८९ मध्ये ३६ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारून तो अमेरिकन लीगमध्ये पहिला आला. पुढच्याच वर्षाअखेरी टोरांटोनं त्याला सॅन डिएगोला पाठवलं. तिथं १९९२ मध्ये ३५ मारून तो नॅशनल लीगमध्येही पहिला आला. दोन्ही लीगमध्ये अव्वल, आणि तरी पुढच्या जुलैत पुन्हा बाडबिस्तरा. सॅन डिएगोच्या काळातला एक फोटोही खोक्यात होता. त्यावरची मार्करची सही उन्हानं तपकिरी पडलेली. फोटो बरीच वर्षं खिडकीसमोर टांगलेला असणार. अशी सही पाहिली की मला वाईट वाटतं, कारण अतिनील किरण अडवणारी काच लावली असती तर ती इतकी उडाली नसती.

मग तिकीट निघालं. अर्धं फाडलेलं, अटलांटा-फुल्टन काउंटी स्टेडियमचं, २० जुलै १९९३.

या तारखेची गोष्ट इथल्या जुन्या लोकांना सांगावी लागत नाही. अटलांटा ब्रेव्हज तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या बरेच मागे पडले होते. १८ जुलैला त्यांनी मॅकग्रिफला घेतलं. दोन दिवसांनी, सामना सुरू व्हायच्या आधी, स्टेडियममधल्या एका खास कक्षात जेवण गरम ठेवायच्या इंधनाच्या डब्यामुळे आग लागली. धूर, अग्निशामक गाड्या, लोक मैदानात उतरलेले. सामना दोनएक तास उशिरा सुरू झाला. ब्रेव्हज ०-५ असे मागे होते. मॅकग्रिफनं होमरन मारून ५-५ केले आणि संघ ८-५ नं जिंकला. त्या मोसमात शेवटी ब्रेव्हजचे १०४ विजय झाले, सॅन फ्रान्सिस्कोचे १०३. एका सामन्याचा फरक! ते स्टेडियमही १९९७ मध्ये सुरुंग लावून पाडलं. त्यामुळे असं तिकीट हातात आलं की माझा हात आपोआप हलका होतो.

आता चेंडूकडे येते. त्या काळी सामन्याच्या चेंडूवर लीगच्या अध्यक्षाची सही छापलेली असे. कलेक्टर आधी तीच बघतात, मीही बघते. १९९३ मध्ये नॅशनल लीगचे अध्यक्ष होते बिल व्हाइट. या चेंडूवर नाव होतं लेनर्ड कोलमन यांचं, आणि कोलमन अध्यक्ष झाले १९९४ मध्ये. आगीच्या रात्री हा चेंडू बनलेलाच नव्हता.

गप्प बसून पट्टी कोरून देता आली असती. पैसे त्यांचे, भिंतही त्यांचीच. पण खोटी तारीख माझ्या हातून पितळेवर जाणार नव्हती. मी त्यांच्या हातात भिंग दिलं आणि नाव वाचायला सांगितलं. मग अध्यक्षांचं समजावलं.

त्या बराच वेळ चेंडू फिरवत राहिल्या. "म्हणजे सही खोटी?"

"नाही हो. सही ठीक दिसतेय मला, शाई जुनी आहे, चामड्यात नीट मुरलीय. खात्री हवी तर तज्ज्ञांकडून तपासून घ्या. फक्त तारीख जुळत नाही."

"मग बाबा खोटं बोलले?"

या प्रश्नाचीच मला भीती होती. मी विचारलं, "बाबांनी स्वतः सांगितलं होतं का, की चेंडू त्या रात्रीचा आहे?"

त्या थांबल्या. बाबा एवढंच म्हणायचे की त्या रात्री मी तिथं होतो. तिकीट आणि चेंडू शेल्फवर शेजारी शेजारी असायचे. बाकीचं घरातल्यांनी जोडलं होतं.

त्यांनी तिथूनच भावाला फोन लावला. चेंडूचं नाव काढताच पलीकडून तो म्हणाला, अगं, तो वेस्ट पाम बीचचा! ब्रेव्हजचा वसंत ऋतूतला सराव तेव्हा फ्लोरिडात तिथं व्हायचा. बाबा त्याला घेऊन गेले होते. त्याचा हात मोडलेला, कोपरापर्यंत प्लास्टर, म्हणून सही घेताना चेंडू बाबांनीच धरला होता. आणि हात मोडला १९९६ च्या फेब्रुवारीत, हे बहिणीलाही पक्कं आठवत होतं. म्हणजे ब्रेव्हज वर्ल्ड सिरीज, अर्थात दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, जिंकल्यानंतरचा पहिलाच वसंत. फोन ठेवल्यावर त्या डोळे पुसत हसल्या. "हे मला माहीतच नव्हतं," म्हणाल्या.

माझ्या मते या माणसाला वाढीव गोष्टीची गरजच नाही. मॅकग्रिफचे एकूण होमरन ४९३, थेट जुन्या काळच्या दिग्गज लू गेरिगएवढे. १९९४ मध्ये त्याचे ३४ झाले होते आणि ऑगस्टमध्ये खेळाडूंच्या संपामुळे मोसमच बुडाला. तो पुरा झाला असता तर ५०० चा आकडा गाठायला सात कमी पडले नसते, असं मी कुणाशीही भांडून सांगेन. पुढं उत्तेजकांच्या काळात लोक एका मोसमात ६०-७० मारू लागले आणि त्याचे ३५-३६ फिके दिसू लागले. हॉल ऑफ फेम म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांचं सन्मानदालन. तिथं मत देणाऱ्या पत्रकारांनी दहा वर्षं त्याला बाहेर ठेवलं. सर्वाधिक मतं मिळाली ती ३९.८ टक्के, लागतात ७५. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये हॉल ऑफ फेमच्या वेगळ्या समितीनं १६ पैकी १६ मतांनी निवडलं. बाईंचे वडील तोवर नव्हते.

मधोमध तिकीट बसवलं. त्याच्या मागं वडिलांनी लावलेली पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. ती ओढली असती तर कागदाचा थर निघून आला असता, म्हणून तशीच ठेवली आणि तिकीट पारदर्शक कोपऱ्यांत अडकवलं, गोंदाचा थेंब न लावता. चेंडू डावीकडे, सही समोर आणि कोलमन यांचं नाव वाचता येईल असा किंचित वळवून. खाली पट्टी: वेस्ट पाम बीच, १९९६.

न्यायला आल्या तेव्हा त्यांनी पर्समधून हॉल ऑफ फेमचं पोस्टकार्ड काढलं. त्यावरच्या मॅकग्रिफच्या टोपीवर कुठल्याच संघाचं चिन्ह नाही. इतक्या संघांतून खेळलेल्या माणसानं एकच निवडायचं नाकारलं. कार्डावर सही नव्हती.

"हेही बसवा," त्या म्हणाल्या, "पण सही मिळाली तर बाहेर काढता येईल ना?"

मागची फळी कागदी टेपनं सील करून झाली होती. मी टेप कापली आणि फळी चार स्क्रूंवर बसवून दिली.