डच रो-हाऊस घेताना आधी अख्खी रांग तपासा

पुण्या-नाशकात रो-हाऊस म्हटलं की बहुधा आरसीसीचे खांब आणि तुळया, त्यामुळे शेजारच्या घरात काय चाललंय याची फारशी चिंता करावी लागत नाही. नेदरलँड्समधलं जुनं रो-हाऊस वेगळ्या पद्धतीने उभं असतं. दोन घरांमधली विटांची सामाईक भिंत हीच तिथे भार पेलते. मजल्यांचे लाकडी वासे बहुधा या भिंतीपासून पलीकडच्या भिंतीपर्यंत जातात, आणि त्याच भिंतीत दुसऱ्या बाजूने शेजाऱ्यांचे वासेही घुसलेले असतात. पाया सामाईक, छपराची कौलं सलग, पन्हळ सलग, पुष्कळदा मागचं गटारही एकच. म्हणून जाहिरातीतला फोटो एका घराचा असला तरी तुम्ही विकत घेताय तो रांगेचा एक काप आहे, आणि तपासणीही त्याच हिशोबाने करायला हवी.

एक उदाहरण घेऊ. समजा जाहिरात अशी आहे: १९३४ चं मधलं घर, राहण्यायोग्य क्षेत्रफळ १०४ चौरस मीटर, चार झोपायच्या खोल्या, एनर्जी लेबल (घराच्या ऊर्जा-कार्यक्षमतेची श्रेणी) डी, किंमत ४,७५,००० युरो के.के. (हस्तांतराचा खर्च वेगळा).

मधल्या घराला डच लोक 'तुसनवोनिंग' म्हणतात, कडेच्याला 'हूकवोनिंग'. कडेच्या घराला एक भिंत जास्त उघडी असते. उजेड आणि बाग जास्त मिळते, हीटिंगचा खर्चही वाढतो. क्षेत्रफळाचा आकडा ठरलेल्या मोजणी-नियमांनुसार काढलेला असतो. उतरत्या छपराखाली जिथे उंची दीड मीटरपेक्षा कमी आहे तो भाग त्यात धरत नाहीत. माळ्यावर जायला पक्का जिना नसून ओढून उघडायची शिडी असेल तर तो माळाही राहण्याच्या क्षेत्रफळात येत नाही. चौथी 'खोली' अशा माळ्यावर तर नाही ना, हे मजल्यांच्या नकाशावरून दोन मिनिटांत कळतं.

आता पाया. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

देशाच्या पश्चिम भागातली जमीन बहुतेक ठिकाणी पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची मऊ माती) आणि चिकणमातीची आहे. अॅमस्टरडॅम, रोटरडॅम, झानडाम, हार्लेम या शहरांतली युद्धापूर्वीची असंख्य घरं लाकडी खांबांवर उभी आहेत, आणि ते खांब खाली वाळूच्या घट्ट थरापर्यंत ठोकलेले आहेत. लाकूड भूजलाखाली बुडलेलं असेपर्यंत टिकतं. पाण्याची पातळी खाली गेली आणि खांबांचे माथे उघडे पडले की हवा लागते, बुरशी धरते, माथा मऊ होतो आणि घर खचायला लागतं. पाइनच्या खांबांना आणखी एक धोका असतो. पाण्याखाली असतानाही जिवाणू त्यांचा बाहेरचा थर पोखरतात, म्हणजे फक्त भूजल ठीक असून भागत नाही. काही घरांना खांबच नसतात, भिंत रुंद होत थेट जमिनीवर टेकलेली असते. असं घर वाळूवर असेल तर छान, मऊ जमिनीवर असेल तर वाकडंतिकडं बसतं. आणि जमीन गल्लीगणिक बदलते. हार्लेमचा जुना भाग समुद्रकाठच्या प्राचीन वाळूच्या पट्ट्यावर वसलाय, शेजारी पीट आहे. त्यामुळे 'या शहरात पाया चांगला असतो' असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

पाहायला गेलात की आधी रस्त्याच्या पलीकडे उभे राहा आणि अख्ख्या रांगेचा दर्शनी भाग बघा. विटांच्या आडव्या सांध्यांची ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाते का? खिडक्यांच्या वरच्या कडा एका रेषेत आहेत का? कुठे पायऱ्या-पायऱ्यांची भेग आहे का, आणि ती बुजवून पुन्हा उघडलेली आहे का? जुनी, स्थिर भेग आणि वाढती भेग यांत मोठा फरक आहे. बुजवलेली भेग पुन्हा उघडली असेल तर हालचाल थांबलेली नाही. आत गेल्यावर दारं चौकटीत घासतात का आणि जमीन एका बाजूला उतरते का, ते बघा. सगळी रांग सारखी खाली बसली असेल तर ते तितकं गंभीर नसतं. एक घर शेजारच्यापेक्षा जास्त बसलं की सामाईक भिंतीला पीळ पडतो, खरं नुकसान तिथे होतं.

दुरुस्तीचं गणितही रांगेचंच आहे. नवीन पाया घालायचा तर तळमजल्याची जमीन उखडून, घराच्या आतून स्टीलचे पाइप तुकड्यातुकड्याने खाली दाबतात आणि त्यावर काँक्रीटचा स्लॅब भिंतींत खाचा पाडून बसवतात. एका घरामागे हा खर्च एक लाख युरोच्या घरात सहज जातो, आणि सामान्य गृहविमा तो देत नाही. एकट्या घराने हे करून उपयोग होत नाही. तुमचं घर थांबतं, शेजारचं बसत राहतं आणि भेग मधल्या भिंतीत पडते. म्हणून विक्रेत्याला आणि त्याच्या माकलारला, म्हणजे एजंटला, लेखी विचारा: या रांगेत पाया तपासणी कधी झाली, अहवाल आहे का, कुठल्या घरांनी पाया बदलला, शेजारी तयार आहेत का? महापालिकेकडे बांधकामाची जुनी कागदपत्रं असतात, त्यांतून पायाचा प्रकार कळतो. बँकेसाठीच्या मूल्यांकन अहवालातही आता पायाच्या जोखमीचं वर्गीकरण असतं. पण ते परिसराच्या माहितीवरून काढलेलं असतं, खड्डा खणून खांब तपासलेला नसतो.

पुढच्या दाराजवळ पायपुसण्याखाली बहुतेकदा एक झाकण असतं. ते उघडायला सांगा. खाली 'क्राउपराउम्ते' म्हणजे रांगत जाण्याइतकी पोकळी असते. टॉर्च मारून बघा: पाणी साचलंय का, कुबट वास येतो का, वाशांची भिंतीतली टोकं काळी पडली आहेत का? टोकात स्क्रूड्रायव्हर सहज रुतला तर लाकूड कुजलंय. याचं एक नेहमीचं कारण अगदी साधं असतं. भिंतीच्या तळाशी हवेसाठी ठेवलेल्या जाळ्या कुणीतरी फरशी किंवा माती घालून बंद केलेल्या असतात. घर १९६५ ते १९८१ या काळातलं असेल तर तळमजल्याचा काँक्रीटचा स्लॅब क्वाइटाल किंवा मांता प्रकारचा आहे का हे विचारा. त्या काँक्रीटमध्ये क्लोराइड मिसळलेलं असायचं, त्याने आतली सळई गंजते आणि काँक्रीट फुटतं. झाकण सापडत नसेल किंवा त्यावर लाकडी फ्लोअरिंग टाकलेलं असेल, तर मी ती धोक्याची खूण मानतो.

इन्सुलेशनचंही तसंच. बाहेरच्या भिंतीत दोन थरांमधली पोकळी पुष्कळदा रांगभर सलग असते. फक्त तुमच्या घराची पोकळी भरायची तर दोन्ही सीमांवर ब्रश बसवून अडवावं लागतं, नाहीतर माल शेजारच्या भिंतीत वाहत जातो. त्यात वटवाघळं राहत असतील तर ती कायद्याने संरक्षित आहेत, तपासणीशिवाय भरता येत नाही. तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून काम काढलं तर तपासणी आणि मजुरी दोन्ही स्वस्त पडतात. एनर्जी लेबलवरची तारीखही बघा. १ जानेवारी २०२१ पासून तज्ज्ञ घरात येऊन मोजमाप करून लेबल देतो. त्याआधीची लेबलं मालकाने ऑनलाइन माहिती भरून घेतलेली असायची, त्यांच्यावर माझा फार भरवसा नाही. हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घर तापवणारं यंत्र, लावायचा विचार असेल तर बाहेरच्या युनिटचा आवाज शेजाऱ्याच्या हद्दीवर रात्री ४० डेसिबलच्या आत राहायला हवा. पाच-साडेपाच मीटर रुंदीच्या घरात ते युनिट कुठे बसणार हे घर बघतानाच ठरवा.

आवाजाबद्दल जाहिरात गप्प असते. वासे सामाईक भिंतीत असतील तर शेजाऱ्याच्या जिन्यावरची पावलं तुम्हाला ऐकू येतात, आणि तुमचा मिक्सर त्यांना. दुसऱ्या भेटीची वेळ संध्याकाळी मागा, सगळे घरी असतात तेव्हा. सत्तरच्या दशकानंतरच्या पुष्कळ रांगांत दोन घरांमध्ये दोन स्वतंत्र भिंती आणि मध्ये पोकळी असते, तिथे बराच फरक पडतो.

मागची पायवाट कुणाच्या मालकीची आहे, सायकली तिथून न्यायचा हक्क करारात नोंदलाय का, पावसाच्या पाण्याचा पाइप कुणाच्या बाजूला उतरतो, गटार तुंबलं तर साफसफाईचा खर्च कसा वाटतात, हे जुन्या खरेदीखतात असतं. ते आपल्या इंडेक्स-टूसारखं समजा. कादास्टर या जमीन-नोंदणी कार्यालयातून थोड्या पैशांत मिळतं. मागच्या शेडचं पन्हळी छप्पर १९९३ च्या आधीचं असेल तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. अॅमस्टरडॅममध्ये तर जमीन महापालिकेची असून ती भाडेपट्ट्याने, म्हणजे 'एर्फपाख्त'ने दिलेली असणं अगदी सामान्य आहे. भाडं किती वर्षांपर्यंत भरून ठेवलंय आणि त्यानंतर काय, हे वाचल्याशिवाय बोली लावू नका.

आता पैसे. 'के.के.' म्हणजे 'कोस्तन कोपर', हस्तांतराचा खर्च खरेदीदाराचा. स्वतः राहणार असाल तर हस्तांतर कर २ टक्के. वय ३५ च्या आत असेल आणि पूर्वी ही सवलत घेतली नसेल तर कर माफ, पण घराची किंमत मर्यादेच्या आत हवी. २०२५ मध्ये ती ५,२५,००० युरो होती, २०२६ साठी ५,५५,००० आहे. धरायची ती नोटरीकडे खत होण्याची तारीख, करारावर सही केल्याची नव्हे. मर्यादा एका युरोने ओलांडली तरी पूर्ण किमतीवर कर लागतो. ५,५६,००० च्या बोलीला ११,१२० युरो कर पडतो, ५,५५,००० ला शून्य. नवरा-बायकोपैकी एकाचं वय ३५ च्या वर असेल तर त्याच्या हिश्श्यावर २ टक्के भरावे लागतात.

कर्ज जास्तीत जास्त मूल्यांकनाच्या १०० टक्के मिळतं, ऊर्जाबचतीची कामं करणार असाल तर १०६ टक्क्यांपर्यंत. बोलीच्या १०० टक्के मिळत नाही, आणि इथेच पुष्कळ जण चुकतात. आपल्या उदाहरणातलं घर ५,१०,००० ला मिळालं आणि मूल्यांकन ४,९५,००० आलं, तर १५,००० खिशातून. कर लागू असेल तर १०,२०० आणखी. नोटरी, मूल्यांकन, कर्ज सल्लागार, बांधकाम तपासणी आणि तुमच्या बाजूचा माकलार मिळून साधारण ८ ते १० हजार. म्हणजे ३३ ते ३५ हजार युरो रोख, आणि घरात अजून एक खुर्चीही आलेली नाही.

बोली लावताना आकड्याइतक्याच अटी महत्त्वाच्या असतात. कर्ज मिळालं नाही तर करार रद्द करायची अट आणि बांधकाम तपासणीची अट, या दोन मुख्य. बाजार तापलेला असला की अटी सोडायचा आग्रह होतो. जुन्या रांगेतल्या घरासाठी तपासणीची अट सोडू नका असं माझं ठाम मत आहे. फार तर बोली लावायच्या आधीच पैसे खर्चून तपासणी करून घ्या, मग अटीविना बोली लावता येते. करारात 'जुन्या घराचं कलम' असेल तर नीट वाचा. त्यात पाया, गटार, वायरिंग नव्या घरासारखं असेल अशी अपेक्षा धरू नये असं लिहिलेलं असतं, आणि नंतरच्या तक्रारीची बरीचशी दारं बंद होतात.

सह्या झालेला करार हातात आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस विचार करायला मिळतात. त्यांत किमान दोन कामाचे दिवस असावे लागतात, आणि या काळात कारण न देता माघार घेता येते. त्यानंतर काही आठवड्यांत किमतीच्या १० टक्के अनामत किंवा बँक गॅरंटी नोटरीकडे द्यायची असते. अटींच्या तारखा कॅलेंडरमध्ये लाल करून ठेवा. कर्जाची अट संपायच्या दिवसापर्यंत बँकेचा नकार कागदोपत्री पाठवला नाही तर ती १० टक्के रक्कम दंड म्हणून जाऊ शकते.

किल्ल्या मिळायच्या दिवशी नोटरीकडे जाण्याआधी घराची शेवटची पाहणी असते. वीज, गॅस, पाण्याच्या मीटरचे आकडे फोटोसह टिपा, हीटिंगचा बॉयलर मालकीचा आहे की भाड्याचा ते विचारा, सगळे नळ एकदम सोडून बघा. आणि निघताना दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची बेल वाजवा. पन्हळ गेल्या वेळी कुणी साफ केली होती, हे त्यांनाच माहीत असतं.